एकदाच उघडणारी छत्री

मिसळ समोर आली की खाण्याआधी रश्श्याकडे जरा बघा. वर तर्रीचे लाल थेंब तरंगत असतात. चमच्याने दोन थेंब जवळ ढकला. क्षणभर थबकतात आणि पटकन एक होऊन जातात. तुमच्या शरीरातली प्रत्येक पेशीसुद्धा चरबीच्याच पातळ आवरणात असते. मग शेजारशेजारच्या पेशी अशा एकमेकींत का विरघळत नाहीत? तसं झालं असतं तर तुम्ही-आम्ही म्हणजे नुसता एक गोळा असतो.

उत्तर आहे पाणी. दोन पेशीपटलं अगदी जवळ आली की त्यांना बिलगलेलं पाणी मधून हटायलाच तयार नसतं. ते हटवायला जोर लागतो, आणि तो जोर लावण्यात फ्लू, कोरोना, एचआयव्ही, गोवर, डेंग्यूचे व्हायरस एकदम पटाईत आहेत.

या सगळ्यांच्या अंगावर चरबीचं आवरण असतं. ते त्यांनी स्वतः बनवलेलं नसतं. आधीच्या पेशीतून बाहेर पडताना तिचंच पटल ओढून घेतलेलं असतं. म्हणजे चादर आपली आणि ती पांघरून घुसायचं आपल्याच घरात! (साबणाने हीच चादर फाटते. हिपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरसला ती नसतेच, म्हणून ते सॅनिटायझरला फारशी दाद देत नाहीत. तिथे नळाखाली हात चोळून धुणं बरं.)

आता फ्लूचा व्हायरस घ्या. एका मिलिमीटरमध्ये साधारण दहा हजार मावतील एवढा. त्याच्या अंगभर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रोटीनचे खिळे असतात. खिळा पेशीला चिकटतो आणि पेशी बिचारी व्हायरसला छोट्या पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतलं पाणी हळूहळू आंबट होत जातं, साधारण ब्लॅक कॉफीइतकं. व्हायरस याचीच वाट बघत असतो. बटण दाबल्यावर छत्री फटकन उघडते ना, तसं ते प्रोटीन उलगडतं. आत दडवलेलं टोक बाहेर येतं आणि पिशवीच्या भिंतीत रुततं. मग ते प्रोटीन केसांच्या पिनेसारखं मधोमध दुमडतं. एक टोक व्हायरसच्या आवरणात, दुसरं पेशीच्या, त्यामुळे दोन्ही पटलं खेचली जाऊन एकमेकांना भिडतात. आधी बाहेरचे थर एक होतात, मग आतले, मग भोक पडतं. त्यातून व्हायरसचा जनुकीय माल आत!

पण ही छत्री फक्त एकदाच उघडते, परत मिटत नाही. चुकीच्या जागी उघडली की तो खिळा कामातून गेला. आणि ही छोटीशी गोष्ट न कळल्याची किंमत लहान बाळांनी मोजली आहे.

आरएसव्ही हा बाळांच्या फुप्फुसांवर हल्ला करणारा व्हायरस. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याच्या लशीची चाचणी झाली. व्हायरस फॉर्मलिनने मारायचा आणि टोचायचा, एवढीच रीत. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली बाळंच जास्त आजारी पडली. दोन बाळं दगावली. यामागे एकापेक्षा जास्त कारणं होती, पण एक मोठं कारण म्हणजे लशीतल्या व्हायरसच्या छत्र्या आधीच उघडलेल्या होत्या. शरीराने ओळख करून घेतली ती उघड्या छत्रीची. अंगावर चालून येणारा व्हायरस मात्र मिटलेली छत्री घेऊन येतो.

ती मिटलेली छत्री नेमकी दिसते कशी, हे २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या टीमने दाखवलं. नंतर तिला मिटलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवायची युक्तीही जमली. ही मंडळी पुढे मर्स या कोरोनाव्हायरसकडे वळली. त्याच्या स्पाइक प्रोटीनमध्ये दोन ठिकाणी प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं की छत्री उघडतच नाही, हे २०१७ मध्ये छापूनही आलं. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोनाचा जीनोम जाहीर झाला तेव्हा शून्यातून सुरुवात करावी लागली नाही. १२७३ पैकी ९८६ आणि ९८७ या दोन जागा बदलायच्या, बस्स. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत हाच स्पाइक आहे. पुण्यात सीरमने बनवलेल्या कोव्होवॅक्समध्येही आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात गेलेल्या कोव्हिशिल्डमध्ये तो नव्हता, तरी तिनेही काम केलंच. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही. पण आरएसव्हीच्या बाबतीत मात्र सगळं अडलं होतं ते इथेच.

छत्री उघडल्यावरही अडवता येतं बरं का. एचआयव्हीवरचं एन्फ्युव्हिर्टाइड हे औषध २००३ मध्ये आलं. प्रोटीन उघडतं, रुततं, पण दुमडायच्या वेळी हे औषध बिजागरीत काडी घातल्यासारखं मध्ये येतं. पटलं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. फक्त दिवसातून दोनदा इंजेक्शन, त्यामुळे रुग्णांच्या फारसं पसंतीस उतरलं नाही.

आणि आरएसव्हीची लस? ती २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, त्या पहिल्या चाचणीनंतर सत्तावन्न वर्षांनी. आधी ज्येष्ठांसाठी, मग गरोदर बायकांसाठी. लस आईला देतात आणि तिच्या अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात. त्या वारेचा बाहेरचा थर म्हणजे असंख्य पेशी एकमेकींत विरघळून झालेला एक सलग पडदा. त्या पेशींना जोडणारं प्रोटीन आहे सिन्सिटिन. त्याचा जीन कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत शिरलेल्या एका व्हायरसचा. त्याची छत्री आपण तेव्हापासून वापरतोय.