विरळ हवा आणि लांबचा नेम

पिंपरी-चिंचवडची हद्द मुळा नदीशीं संपते, आणि पलीकडच्या कांठाला बालेवाडीचें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल लागतें. येथें सराव केलेले कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, हें सर्वश्रुतच आहे. त्या स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. मुंबईच्या समुद्रकांठाहून पुणें सुमारें ५६० मीटर उंच. त्यामुळें येथील हवा शेंकडा पांचांनीं विरळ. तथापि ५० मीटरांवर या फरकानें गोळी फार तर अर्धा मिलिमीटर वर लागेल. त्या नेमबाजाला वाऱ्याची एखादी झुळूक याहून अधिक छळते. हवेचा विरळपणा खरा जाणवूं लागतो तो लक्ष्य ९०० मीटरांवर नेलें म्हणजे.

गोळीला खालीं ओढणारी पृथ्वी, एवढाच तिचा शत्रु, असा सर्वसाधारण समज आहे. १७४२ सालीं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें तो खोटा ठरविला. टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून त्यानें तिचा वेग मोजला, आणि वेगवान गोळीला होणारा हवेचा विरोध तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो असें दाखविलें. (हाच गृहस्थ पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ त कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर वारला.) लष्करी रायफलची ७.६२ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारें ८४० मीटर वेगानें निघते. हवा नसती तर तिनें ९०० मीटर अंतर एक सेकंदाहून किंचित् अधिक वेळांत तोडलें असतें, आणि तेवढ्यांत ती साडेपांच मीटरांच्या आसपास खालीं आली असती. हवेंतून जातांना वेग घटत जातो, वेळ वाढतो, आणि हें पडणें जवळजवळ दुप्पट होतें. म्हणजे वाटेंतल्या हवेचा हिस्सा पृथ्वीच्या हिश्श्याच्या तोडीचा आहे. हवा जितकी विरळ तितका तो कमी.

हवा विरळ होते ती दोन कारणांनीं. उंच चढावें तसा दाब उतरतो. आणि जागच्या जागीं ऊन वाढलें तरी हवा फुगून हलकी होते. हें दुसरें कारण पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पुण्याच्या परिसरांत पौषांतल्या पहांटे पारा १० अंशांवर येतो व वैशाखांतल्या दुपारीं ४० अंशांवर चढतो. या तीस अंशांत हवेची घनता शेंकडा नऊ-दहांनीं घटते; समुद्रसपाटीवरून सुमारें एक हजार मीटर वर गेल्यानें ती तेवढीच घटते. शास्त्रज्ञांनीं मोजमापासाठीं जी प्रमाण हवा मानली आहे तिच्याशीं ताडून पाहिलें, तर ४० अंशांच्या दुपारची बालेवाडीची हवा १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरील हवेइतकी विरळ ठरते! पावसाळी हवेला लोक जड म्हणतात. वस्तुतः पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी आहे. परंतु तिचा परिणाम इतका अल्प कीं तो सोडून दिला तरी चालेल.

उष्णतेचा दुसरा खेळ काडतुसाच्या आंत चालतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत १८६९ पासून काडतुसें होत आलीं आहेत. दारू तापलेली असली कीं ती अधिक झपाट्यानें जळते. गारठली कीं रेंगाळते. सामान्य दारूच्या बाबतींत दर अंशामागें गोळीचा वेग सेकंदाला सुमारें अर्धा मीटर, कांहीं जातींत त्याहून अधिक, बदलतो. उन्हांत ठेवलेल्या पेटींतलें काडतूस आणि सावलींतलें काडतूस एकाच घडणीचें असूनहि एकाच ठिकाणीं गोळी लावील असें नाहीं. म्हणूनच जाणता नेमबाज काडतुसें सावलींत ठेवतो, आणि तापलेल्या नळींत काडतूस भरून वाट पाहत बसत नाहीं.

आतां पुण्याच्या हवेंत नेम बसविलेली रायफल घेऊन एखादा जवान द्रासला गेला असें समजा. सुमारें ३३०० मीटर उंचीच्या त्या खोऱ्यांत, १० अंश उष्णतेला, हवा पुण्याहून जवळजवळ पाव हिश्श्यानें विरळ असते. नेमाची पट्टी त्यानें हलविलीच नाहीं तर ९०० मीटरांवर गोळी माणसाच्या डोक्यावरून निघून जाईल, आणि शत्रु सावध होईल. हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंशांवर गेला म्हणजे हिशेब पुन्हा फिरतो: थंडीनें हवा कांहींशी दाटते, दारू मंदावते, आणि उंचीनें दिलेलें बरेंचसें दान थंडी परत घेते. तोफांनाहि नियम हाच. १९९९ च्या कारगिल युद्धांत बोफोर्स तोफांचा पल्ला सपाटीवरील पल्ल्याहून वाढला तो या विरळ हवेमुळें.

आज मुठींत मावणारें यंत्र उष्णता व दाब तत्काळ सांगतें, पण तेथेंहि एक खोंच आहे. वेधशाळेच्या वार्तापत्रांतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. पुण्यासाठीं तो १०१० मिलिबार छापला असला, तर पुण्याच्या मैदानावर प्रत्यक्ष दाब ९४५ च्या आसपासच असतो. द्रासला ६७५ च्या. नेमबाजाला हिशेबासाठीं हवा असतो तो हा दुसरा आंकडा.