सशाच्या लोकरीच्या जटा : त्या कां पडतात व कशा काढाव्या

अलीकडे पुष्कळ बागायतदारांच्या घरीं मुलांच्या हौसेखातर ससे पाळलेले दिसूं लागले आहेत. गाय, बैल व शेळी यांच्या निगेचें ज्ञान आपणांस घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळतें. सशाच्या बाबतींत तसें होत नाहीं. त्यामुळें आणला तेव्हां कापसाच्या पेळूसारखा दिसणारा प्राणी पावसाळा लागतांच मळकट व गुंतलेला दिसूं लागतो, आणि हा केवळ रूपाचा दोष आहे असें समजून घरचीं माणसें तिकडे कानाडोळा करतात. वस्तुतः या जटा सशाच्या जिवावर बेतूं शकतात. सबब त्यांचीं कारणें, काढण्याची रीत व वर्ज्य गोष्टी क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. आपल्या शेतांत आढळणारा रानससा हा निराळा प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे; त्याचीं पिलें घरीं आणून पाळूं नयेत. पाळीव ससा हा युरोपांतील, बिळें करून राहणाऱ्या सशाचा वंशज होय. त्याच्या आखूड केंसांच्या जातींस जटांचा त्रास थोडा होतो. खरा त्रास होतो तो अंगोरा जातीस व तिच्या मिश्र संततीस. तुर्कस्तानांतील अंकारा शहराच्या जुन्या नांवावरून हें नांव पडलें. अंगोऱ्याची लोकर महिन्यास सुमारें एक इंच वाढते, व लोकरीसाठीं हे ससे पाळणारे लोक ती साधारण ७५ ते ९० दिवसांनीं कातरतात. आपल्या देशांत हा धंदा हिमाचल प्रदेशासारख्या थंड डोंगरी मुलखांत चालतो. कुलू जिल्ह्यांत गडसा येथें त्यासाठीं सरकारी संशोधन केंद्रही आहे. देशावरचा उन्हाळा या जनावरास मुळींच मानवत नाहीं. म्हणून आपल्याकडे कोणी लांब केंसांचा ससा बाळगलाच, तर त्याची लोकर एक इंचापेक्षां अधिक वाढूं न देणें हाच जटांवरील पहिला उपाय समजावा.

जट कशी बांधते तें पाहूं. जुने केंस सुटतात, पण लोकर दाट असल्यामुळें ते खालीं न पडतां नव्या केंसांत अडकून राहतात. त्यांत ओल, मूत्र, लेंडी अगर गवताचें कूस मिळालें व हालचालीनें घर्षण झालें, म्हणजे घोंगडीसारखा नमदा तयार होतो. कानांमागें, हनुवटीखालीं, पुढील पायांच्या बगलेंत, जांघेंत, पोटावर व शेपटीखालीं ह्या जटा प्रथम पडतात. निरोगी ससा आपलें अंग स्वतः चाटून साफ करतो. ज्याच्या अंगावर एकाएकी जटा वाढूं लागल्या, तो स्थूल झाला आहे काय, त्याचे सांधे धरले आहेत काय, किंवा दांत वाढून तोंडास इजा होते काय, हें पाहिलें पाहिजे. हनुवटी सदा ओली राहत असेल तर दांतांचा संशय घ्यावा. शेपटीखालीं मऊ विष्ठा चिकटून राहत असेल तर दाणा जास्त व गवत कमी पडतें, असें बहुधा समजावें.

यांतील अपाय तीन प्रकारचे आहेत. एक, जटेखालीं कातडीस हवा लागत नाहीं. ती ओली राहून सोलते व चिघळते. दुसरा, प्रत्येक पाऊल टाकतांना जट कातडी ओढते. ससा बसून राहतो, खाणें कमी करतो, आणि चाटतांना पुष्कळ केंस गिळतो. सशास ओकारी होत नाहीं, म्हणून गिळलेले केंस आंतड्यांतूनच बाहेर पडावे लागतात. पोटांत गवत कमी असेल तर आंतडीं मंदावतात व तेथेंच घात होतो. तिसरा व आपल्या पावसाळ्यांत सर्वांत भयंकर अपाय म्हणजे माशी. शेपटीखालील घाणेरड्या जटेंत माशी अंडीं घालते, एका दिवसाच्या आंत त्यांतून किडे निघूं शकतात, व ते जिवंत सशाचें मांस खाऊं लागतात. बैलाच्या जखमेंत किडे पडलेले आपण पाहतों. सशाचा देह लहान असल्यामुळें त्यास तितकी सवड मिळत नाहीं.

आतां जटा काढण्याची रीत. हें काम दोघांनीं करावें. एकानें गोणपाट घातलेल्या पाटावर किंवा मांडीवर सशास बसवून धरावें व दुसऱ्यानें हात चालवावा. ससा कानांस धरून कधींही उचलूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा ढुंगणाखालीं द्यावा. मागील पाय मोकळे राहिले व त्यानें जोराची लाथ झाडली तर त्याचा स्वतःचा कणा मोडतो. त्यास उताणा करून निपचित पाडण्याची युक्ति कोणी सांगितली तरी ती करूं नये; तें निपचित पडणें भीतीचें असतें, सुखाचें नव्हे. एका वेळीं दहा-पंधरा मिनिटांपलीकडे काम लांबवूं नये. जटा पुष्कळ असतील तर त्या चार दिवसांत वांटून काढाव्या.

तलाठी पूर्वीं गट नंबराच्या क्रमानें पीकपाहणी करीत असे, त्याप्रमाणें डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटांनीं चांचपून कोठें किती गांठी आहेत तें आधीं ठरवावें. नवी, सैल गांठ असेल तर फणीची घाई नको. बाजारांत ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळणारें मक्याचें सत्त्व चिमूटभर तीत चोळावें व बोटांनीं ती विलगावी. मग डाव्या हाताच्या बोटांनीं केंसांचें मूळ घट्ट धरून, म्हणजे ताण कातडीवर न येतां, विरळ दांत्यांच्या फणीनें शेंड्याकडून मुळाकडे थोडें थोडें विंचरावें.

घट्ट जट विंचरून सुटत नाहीं. ती कापावीच लागते, व येथेंच बहुतेक अपघात होतात. सशाची कातडी पातळ असून जटेबरोबर ती तंबूसारखी वर उचलली जाते. जट ओढून तिच्या बुडाशीं कात्री चालविली कीं केंसांबरोबर कातडीही कापली जाते. म्हणून जट वर न ओढतां कातडी व जट यांच्यामध्यें बारीक फणी सरकवावी, आणि बोथट टोकांच्या कात्रीनें फणीच्या वरच्या बाजूनें कापावें. खालील केंस थोडे राहिले तरी चालेल. ते पुढें वाढतात. फणी मध्यें जातच नसेल, किंवा पोटावर व जांघेंत एकच मोठा नमदा झाला असेल, तर घरीं हात न घालतां पशुवैद्याकडून यंत्रानें केंस काढवावेत. तळपायांचे केंस मात्र कापूं नयेत. सशाच्या पायांस कुत्र्यासारखी गादी नसते, ते केंसच त्याचें पादत्राण होय.

वर्ज्य गोष्टी पुढीलप्रमाणें. सशास न्हाऊं घालूं नये. ओली जट अधिक आवळते, दाट लोकर लवकर वाळत नाहीं, आणि थंडी व भीती यांनीं ससा दगावूं शकतो. मागील भाग घाण झाला असेल तर तेवढाच कोमट पाण्यानें पुसून लगेच कोरडा करावा. जटा हातानें उपटूं नयेत. २०१३ सालीं चीनमधील कांहीं ठिकाणीं जिवंत अंगोऱ्याची लोकर उपटतांनाचीं दृश्यें प्रसिद्ध झालीं, तेव्हां अनेक परदेशी कापड-व्यापाऱ्यांनीं ही लोकर घेणें थांबविलें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गोचीड अगर पिसवा यांसाठीं घरांत असलेलें औषध सशास लावूं नये. भात व ऊस यांवरील किडींसाठीं आपण वापरतों तें फिप्रोनिल कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधांतही असतें, व सशास तें विषासमान आहे. माणसांची पेनिसिलीन जातीची औषधेंही त्यास तोंडावाटे देऊं नयेत. त्यांनीं त्याचें पचन कायमचें बिघडतें व तो मरतो.

जटा पडूं नयेत म्हणून आठवड्यांतून दोनदां, व केंस गळण्याच्या दिवसांत रोज, फणी फिरवावी. पिंजऱ्यांत ओल राहूं देऊं नये. खाण्यांत मुख्य भाग चांगल्या वाळलेल्या डोंगरी गवताचा असावा. तें दिवसरात्र पुढें असावें, हिरवा पाला जोडीस द्यावा आणि दाणा बेताचा असावा. भाकरीचे तुकडे, गूळ व बिस्किटें मुलांच्या हातून बंद करावीं. पावसाळ्यांत शेपटीखालचा भाग दररोज पाहावा. गाभण मादी विण्याच्या सुमारास स्वतःच्या पोटाचे केंस उपटून पिलांसाठीं घरटें करते. तो रोग नव्हे, त्या वेळीं तिच्या पोटास फणी लावूं नये.

ससा बारा तास कांहीं न खाईल, लेंड्या अगदीं बारीक होतील किंवा बंद पडतील, अथवा अंगावर किडे दिसतील, तर तो दिवस वाट पाहण्याचा नव्हे; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्यास तत्काळ न्यावें. ससा दुखलें तरी सहसा ओरडत नाहीं. गाय हंबरते, शेळी बेंबें करते, हा मुका प्राणी कोपऱ्यांत बसून राहतो. म्हणून त्याची तक्रार मालकाच्या बोटांनींच ऐकावी लागते. घरांत मुलें असतील तर फणीचें काम त्यांच्या देखत करावें व थोडें त्यांच्या हातूनही करवावें.