शिंजिराला बाटली नको, झाड हवे

अमेरिकेत अंगणात लाल बाटली टांगतात, एक भाग साखर आणि चार भाग पाणी भरतात आणि हमिंगबर्ड हजर होतात. ते पाहून आपल्याकडेही अशा बाटल्या लटकू लागल्या आहेत. हमिंगबर्ड मात्र फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. बालाघाटच्या अंगणात मध शोधत येतो तो जांभळा शिंजीर, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचा शकरखोरा. जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, चोच बाकदार. विणीच्या काळात नर काळसर जांभळा चमकतो. मादी पोटाशी पिवळसर. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो. शिंजिराला तसे क्षणभर जमते, पण फांदीवर टेकून पिणेच त्याला सोयीचे. त्याला बोलवायचे तर बाटलीपेक्षा झाड लावणे कितीतरी फलदायी, कारण मध ही त्याची एकच गरज नाही. पिलांना तो किडे आणि कोळी भरवतो. मादी पिशवीसारखे लोंबते घरटे विणते, तेही कोळ्याच्या जाळ्यांनी बांधून. साखरेच्या पाण्यात यातले काहीच नसते. देवाणघेवाणही दुहेरी आहे: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पळसाच्या परागणाच्या अभ्यासात फुलांवर अनेक पक्षी आलेले दिसले, पण परागण खऱ्या अर्थाने साधणाऱ्यांत जांभळा शिंजीर होता, जोडीला खार. शिंजीर बाटलीवर पोट भरून गेला, तर झाडाला त्याचा काही उपयोग नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेत बाटल्यांनी नुकसान झाले नाही, मग इथे का व्हावे? तिथेही गरमीत दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलून बाटली घासण्याचा आग्रह धरतात, कारण साखरेचे पाणी आंबते आणि त्यावर बुरशी धरते. वैनगंगेकाठच्या मे महिन्यात ही काळजी रोजची होईल, आणि ती किती जण घेतील? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पळस, पांगारा, काटेसावर यांना वाढायला जागा आणि वर्षे लागतात. पण धायटीचे झुडूप कुंपणाला पुरते, आणि हमेलिया मोठ्या कुंडीतही फुलतो. हमेलिया मूळचा अमेरिकेचा, तिथे हमिंगबर्डांचा आवडता. इथे शिंजीर त्यावर तितक्याच आवडीने येतो. आंब्यावरचे बांडगूळही सरसकट तोडू नये, त्याच्या नळीदार फुलांवर शिंजिराचे येणेजाणे असते. आणि अंगणात कीटकनाशक फवारणे थांबवायला हवे, नाहीतर फुले असूनही पिलांना भरवायला किडे उरणार नाहीत.