नकाशातली माणसं : भाग ७
रै., माल, चक आणि जनगणनेचा कोड

गेल्या आठवड्यात आपण २०११च्या जनगणनेचे गावनिहाय टेबल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि गडचिरोली जिल्ह्यावर रंग भरून पाहिले. दिसायला तो नकाशा छान होता, पण कुणाच्या कामाचा नव्हता. अहवाल कामाचा व्हायचा तर आधी प्रश्न हवा. आजचा प्रश्न असा : भामरागड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत किती माणसे राहतात, त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुले किती, आणि पावसाळ्यात त्यांतले किती जण तिथे पोचू शकतात?

हा प्रश्न निवडण्याला कारण आहे. सरकारी निकषाप्रमाणे मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे. सवलत योग्यच आहे. पण गडचिरोलीत चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे (महाराष्ट्राची सरासरी ३६५) आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगल. तिथे तीन हजार माणसे गोळा करायला किती मुलूख पालथा घालावा लागतो, हे निकषात कुठेच येत नाही. ते नकाशाच दाखवू शकतो.

व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये अशा कामासाठी तयार अहवाल असतात. नकाशावर बिंदू ठेवा, वर्तुळ काढा, बटण दाबा, की वय, उत्पन्न, कुटुंबे असा तक्ता बाहेर पडतो. गडचिरोलीतल्या कोरची किंवा चंद्रपूरमधल्या जिवती तालुक्यासाठी असा तक्ता मागितला, तर तो मोठ्या भागाच्या सरासरीवरून काढलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून या भागासाठी अहवाल आपल्या हातानेच बांधावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिला स्रोत अर्थात जनगणना. प्राथमिक सारांशात प्रत्येक गावाची एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामगारांचे प्रकार मिळतात. पाच-पाच वर्षांचे वयोगट गावपातळीवर मिळत नाहीत. कोणत्या जमातीची किती माणसे, हेही गावनिहाय मिळत नाही. माडिया गोंडांच्या भामरागडसाठी ही उणीव फार मोठी आहे. माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमाती. अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांची नोंद स्वतंत्र आहे. माडिया हे नाव मात्र गोंड या मोठ्या नोंदीच्या आतच येते. म्हणजे वरच्या पातळीवरच्या तक्त्यातही माडिया वेगळे दिसत नाहीत. ज्यांच्यासाठी योजना आखायची तेच मोजणीत सापडत नाहीत, याचा त्रास वाटायला हवा.

दुसरा स्रोत गावांच्या हद्दींचा. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्थांनी केलेल्या गावनकाशांवरून हे थर तयार होतात. तिसरा स्रोत उपकेंद्रे, अंगणवाड्या, शाळा यांच्या याद्यांचा. या याद्या एकमेकींना जोडायला बसले की खरी कसोटी लागते.

जोडणी गावाच्या नावावरून करण्याचा मोह होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो आवरलेला बरा. इथे गावाच्या नावामागे रै., माल, चक, तुकूम अशी शेपटे असतात. रै. म्हणजे रयतवारी, माल म्हणजे मालगुजारी, आणि तुकूम म्हणजे तलाव बांधणाऱ्याला दिलेली जमीन. गोंडराजांच्या काळापासूनचा महसुली इतिहास या दोन-तीन अक्षरांत शिल्लक आहे. एका यादीत ‘कुनघाडा रै.’, दुसरीत ‘कुनघाडा (रै)’, तिसरीत नुसते ‘कुनघाडा’. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही तीन वेगळी गावे. उलट नवेगाव नावाची गावे तालुक्यातालुक्यात आहेत, आणि ती सगळी त्याला एकच वाटतात.

म्हणून जोडायचे ते कोडने. २०११मध्ये प्रत्येक गावाला सहा अंकी कोड मिळाला. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचाही स्वतंत्र गावकोड आहे, आणि नव्या सरकारी याद्या बहुधा तोच वापरतात. म्हणून आधी दोन्ही कोड शेजारी मांडणारे एक टेबल बनवा आणि पुढची प्रत्येक जोडणी त्याच्या आधाराने करा. २००१चे आकडे आणणार असाल तर आणखी सावध राहा : तेव्हा महाराष्ट्राच्या अनुक्रमात गडचिरोली १२ आणि चंद्रपूर १३ होते, २०११मध्ये देशभरच्या सलग क्रमांकात ते ५०८ आणि ५०९ झाले. जोडणी झाल्यावर न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून एकेक तपासा. त्यांतली काही रिठी गावे निघतील. महसुली नोंदीत त्यांची हद्द आहे, पण वस्ती नाही. त्यांची लोकसंख्या शून्यच धरायची. कॉलम रिकामा सोडला तर पुढे सरासरी बिघडते.

आता उपकेंद्राभोवती पाच किलोमीटरचा बफर काढू. वर्तुळ काही गावांना पूर्ण कवेत घेते आणि काहींना अर्धेच कापते. कापलेल्या गावाचे काय? सॉफ्टवेअरची नेहमीची रीत म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी. समजा, गाव ४० चौरस किलोमीटरचे आहे, वस्ती ४०० आणि निम्मे क्षेत्र वर्तुळात. उत्तर येईल २००. ही रीत माणसे गावाच्या हद्दीत सारखी पसरली आहेत असे धरून चालते, म्हणजे शंभर-दोनशे माणसांना खुशाल जंगलात राहायला पाठवते. प्रत्यक्षात सगळी घरे एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, असतात, आणि खरे उत्तर ४०० तरी असते नाहीतर शून्य तरी. मैदानी तालुक्यात ही चूक बऱ्याच अंशी झाकली जाते. एटापल्ली-भामरागडात तीच सगळा अहवाल खोटा पाडते.

यावर उपाय आहे. उपग्रहचित्रांवरून काढलेला वनक्षेत्राचा थर घ्या, गावाच्या पॉलिगॉनमधून जंगल वजा करा आणि उरलेल्या भागात लोकसंख्या वाटा. याहून चांगले म्हणजे घरांचा थर वापरा. इमारतींच्या बाह्यरेषांचे मोफत संच आज मिळतात. पण मोहाच्या झाडाखालचे कौलारू घर उपग्रहाला हमखास दिसतेच असे नाही, म्हणून टोल्यांचे बिंदू शेवटी गावातल्या माणसाकडून तपासून घ्यावे लागतात. आशाताई आणि अंगणवाडीताईंना प्रत्येक टोला नावानिशी ठाऊक असतो.

वर्तुळाबद्दलही बोलायला हवे. भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव. तिथे काढलेले वर्तुळ बेधडक नदी ओलांडून छत्तीसगडमध्ये जाते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. तेव्हा सरळ रेषेऐवजी रस्ते आणि पायवाटांवरून अंतर मोजा, आणि तेही दोनदा : एकदा उन्हाळ्याचे, एकदा पुरात बुडणारे रपटे आणि पूल वगळून. आपल्या प्रश्नाचा तिसरा भाग म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. संपूर्ण अहवालात याहून मोलाचा आकडा मला दुसरा दिसत नाही.

अनेक गावे एकत्र करताना टक्केवारीची सरासरी काढू नका. ६० वस्तीच्या गावात साक्षरता ९० टक्के आणि १५०० वस्तीच्या गावात ५० टक्के असेल, तर सरासरी ७० येते. साक्षर माणसे बेरजेने मोजली तर ती ५१.५ टक्केच भरते. आधी माणसे मिळवा, मग भागा.

प्रत्येक आकड्याला त्याचे वर्षही चिकटलेले हवे. २०११च्या टेबलात जामणी हे ताडोबाच्या गाभा क्षेत्रातले नांदते गाव आहे. नंतर त्याचे पुनर्वसन होऊन ते बाहेर वसले. जुना आकडा आणि आजचे उपग्रहचित्र एका पानावर ठेवले, तर माणसे आहेत पण घरे नाहीत असा प्रकार दिसतो. जिवती तालुक्यातला पेच निराळा. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा ही तेलंगणाच्या सीमेवरची वादग्रस्त गावे, आणि तिथल्या अनेकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे आहेत. दोन याद्यांची बेरीज केली की एकच कुटुंब दोनदा मोजले जाते. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे गावनिहाय आकडे हाती येईपर्यंत २०११वरच भिस्त ठेवावी लागेल.

मुलांच्या आरोग्याचे दर अहवालात घालायचे असतील तर छेदाइतकीच अंशाचीही काळजी घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या गावांमध्ये जन्ममृत्यूंची स्वतःची नोंद ठेवली. ३९ गावांतल्या घरोघरी नवजात बालसेवेचा त्यांचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो त्याच नोंदीच्या बळावर. २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवले की सरकारी दप्तरात बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी नोंदले जात होते. त्यामुळे एखाद्या गावापुढे शून्य बालमृत्यू दिसला, तर नोंद कुणी केली आणि कधी केली, हे आधी विचारा. दोन-चार जन्म होणाऱ्या टोल्याचा दर तर काढूच नये. तिथे नुसती संख्या द्यावी, आणि घर ओळखता येईल इतकी बारीक माहिती छापू नये.

शेवटी मांडणी. क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमध्ये ॲटलस नावाची सोय आहे. साचा एकदा बनवला की प्रत्येक गावाचे वेगळे पान आपोआप तयार होते. पानाची हद्द मात्र महसुली गावाचीच असली पाहिजे असे नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या २०१४च्या नियमांप्रमाणे टोल्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशी ग्रामसभा अहवाल मागेल तेव्हा तिला तिच्या वनहक्काच्या हद्दीचे पान द्या, आणि खाली ‘गावाने सांगितलेला आकडा’ असा एक मोकळा कॉलम ठेवा. त्यात भरून आलेले आकडे जनगणनेच्या कॉलममध्ये मिसळू नका. वेगळ्या थरात, तारखेसह जपा.

पुढच्या आठवड्यात हाच ॲटलस पायरीपायरीने बनवू. त्यासाठी दोन्ही कोडचे टेबल तोवर तयार ठेवा.