घरची नानकटाई

सुरतेची म्हणून प्रसिद्ध असलेली नानकटाई घरीं केली कीं कठीण होते, अशी गृहिणींची तक्रार असते. दोष बहुधा भट्टीचा नसून हाताचा असतो. मैदा पाण्यानें मळला कीं त्यास चिवटपणा येतो. पोळीस तो हवा, येथें नको. म्हणून पाऊण वाटी थिजलेलें तूप व तितकीच पिठीसाखर पांढरीं होईपर्यंत फेसावीं, चिमूटभर सोडा घालावा आणि दोन वाट्या मैदा हलक्या हातानें नुसता एकत्र करावा. पाण्याचा थेंबहि नको. पिठाच्या कणाकणास तूप वेढतें, त्यानेंच ती खुसखुशीत होते. वेलदोडा चालेल, जायफळ अधिक शोभतें. ओव्हन नसल्यास जाड पातेल्यांत, झांकणावर निखारे ठेवून, मंद आंचेवर भाजावी. कडा बदामी होतांच उतरावी. तेव्हां ती मऊच लागते. कच्ची समजून पुन्हां भाजूं नये. निवतांना ती आपोआप घट्ट होते.