सापेक्षतेचे गणिती ऋण

सापेक्षतावादाचे श्रेय जगाने एकट्या आल्बर्ट आइन्स्टाइनच्या पदरात घातले आहे, आणि भौतिक तत्त्वांपुरते ते बहुतांशी यथार्थही आहे. परंतु ज्या गणिताच्या आधाराने ती तत्त्वे उभी राहिली, त्याच्या कर्त्यांची नावे सर्वसाधारण वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतात, याची मला मनापासून खंत वाटते.

१८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांना त्यांच्या प्रयोगात, प्रकाशलहरींचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरमधून होणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा मागमूस लागला नाही, तेव्हा हॉलंडच्या लोरेंट्झने ईथर कायम ठेवूनच नव्या समीकरणांची तजवीज केली. १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीस असलेल्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने ईथरला रजा देऊन, निसर्गनियम एकसमान गतीतील सर्व निरीक्षकांना सारखेच असतात आणि प्रकाशाचा वेग त्या सर्वांना एकच आढळतो, या दोनच गृहीतांवरून तीच समीकरणे सिद्ध केली.

त्यांचे भूमितीय मर्म मात्र उकलले ते झुरिक येथे एके काळी त्याला गणित शिकवणाऱ्या हेर्मान मिंकोव्स्की यांनी, १९०८ च्या सप्टेंबरात कोलोन येथे दिलेल्या व्याख्यानात. कागदावरील रेषेची लांबी अक्ष फिरवल्याने बदलत नाही, बदलतात ते तिचे आडवे-उभे घटक. तद्वत दोन निरीक्षकांची अंतराची आणि काळाची मापे भिन्न आली, तरी दोन घटनांमधील काळाला प्रकाशवेगाने गुणून आलेल्या राशीच्या वर्गातून त्यांच्यातील अंतराचा वर्ग वजा केला असता, बाकी दोघांनाही समान मिळते. पायथागोरसच्या बेरजेच्या जागी आलेल्या या वजाबाकीत विशिष्ट सापेक्षतेचे सारसर्वस्व आहे. हे सांगणारे मिंकोव्स्की चारच महिन्यांत, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी निवर्तले.

आइन्स्टाइनला हे सारे प्रथम अनावश्यक पांडित्य वाटले होते. पण गुरुत्वाकर्षणाला सिद्धान्तात स्थान देण्याची वेळ येताच सपाट भूमिती अपुरी पडली, आणि १९१२ साली त्याने आपला जुना सहाध्यायी मार्सेल ग्रोसमान याच्याकडे धाव घेतली. रीमानने १८५४ साली कल्पिलेली वक्र अवकाशांची भूमिती आणि रिची व लेव्ही-चिव्हिता या इटालियन गणितज्ञांनी सिद्ध केलेले प्रदिशांचे कलन ग्रोसमानने त्याच्या हाती दिले; १९१३ च्या त्यांच्या संयुक्त मसुद्यात भौतिक भाग आइन्स्टाइनचा, तर गणिती भाग ग्रोसमानचा होता. तो मसुदा सदोष ठरला, तरी त्याच वाटेने २५ नोव्हेंबर १९१५ रोजी अंतिम समीकरणे हाती आली, आणि न्यूटनच्या गणिताला न जुळणारे, बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांचे विचलनही उलगडले.

१९२० साली कलकत्ता विद्यापीठाने मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी इंग्रजीत आणलेले सापेक्षतेवरील मूळ निबंध प्रसिद्ध केले, तेव्हा त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आइन्स्टाइनच्या शेजारी मिंकोव्स्कींचेही नाव होते.