केळ्यावरचं चिलट आणि कंपवात

आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर जाळं विणत बसणारे एक कोळी काका होते. साठीनंतर त्यांचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, म्हणजे पार्किन्सनचा आजार. एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, या रोगाचा शोध शास्त्रज्ञ चिलटांवर घेतात." ते हसून म्हणाले, "भाई, माशीला हात तरी हायत का कापायला?"

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तेव्हा उत्तर जमलं नाही. आज प्रयत्न करतो.

पिकलेल्या केळ्यावर जमणारं तांबड्या डोळ्यांचं बारीक चिलट म्हणजे ड्रोसोफिला. आंब्याला लागणारी फळमाशी वेगळी. अंड्यापासून पूर्ण माशी दहाएक दिवसांत होते आणि दोन-तीन महिन्यांत तिचं आयुष्य सरतं. म्हणजे माणसाला साठीत गाठणारं म्हातारपण इथे काही आठवड्यांत बघायला मिळतं. शिवाय माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद या माशीत आहेत.

या अभ्यासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दीकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं. १९७६ साली त्यांनी आणि अमेरिकेतल्या सेमूर बेंझर यांनी उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका जातीचं नावच 'बेशुद्ध' अशा अर्थाचं आहे. एका जनुकात बिघाड झाला, की मज्जापेशींचे निरोप अडतात, हे अशा माश्यांनी दाखवलं.

पुढे २००० साली अमेरिकेत फीनी आणि बेंडर यांनी कंपवाताशी संबंधित असलेलं माणसाचं एक जनुक माशीत घातलं. बाटली आपटली, की निरोगी माशी काचेवर सरसर वर चढते. या माश्या वयाबरोबर चढायला कमी पडू लागल्या आणि त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशीही घटल्या.

कमी वयात येणाऱ्या कंपवातात 'पिंक-वन' आणि 'पार्किन' या दोन जनुकांत बिघाड आढळतो. २००६ साली माश्यांवरच कळलं, की ही दोन्ही एकाच कामाच्या साखळीत आहेत. पिंक-वन नसलेल्या माशीला जादा पार्किन दिलं, की ती बरीच सावरते. उलट केलं तर नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची निगा राखायचं हे काम. ते थांबलं, की पेशी खचते.

काकांचा मुलगा मला विचारायचा, "मलाबी होईल काय?" बहुतेक रुग्णांत हा रोग एकाच जनुकातून येत नाही, हे त्याला सांगायला हवं. आणि हेही, की माशीवर लागू पडलेलं औषध माणसाला चालेलच असं नाही. आजची औषधं त्रास कमी करतात; रोग थांबवणारं औषध अजून नाही.

काकांना मात्र आता उत्तर देता आलं असतं. माशीला हात नाहीत, काका. पण काचेवर चढणारे पाय आहेत, आणि ते का थकतात हे बघता बघता तुमचा हात का कापतो, ते थोडंथोडं कळू लागलंय.